आवाज शून्यावर

सोमवार, ४ ऑगस्ट

शाळेत बोलावलं होतं. पहिल्या पाळीवरून तशीच गेले, केसांत कापूस घेऊन. वर्गातले सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते आणि तिकडे तोंड करूनच बोलत होते. निम्मं मला कळलंच नाही. घाबरले की माझं असंच होतं. नुसती मान हलवत राहिले. मग ते वळले आणि म्हणाले, "तुमची मुलगी वर्गात असून नसल्यासारखी असते."

मिरी दुसरीत आहे. सात वर्षांची. एवढीशी आणि तिखट, म्हणून तिच्या बापाने मिरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं. सर म्हणतात, हाक मारली तर बघत नाही. एक विचारलं तर दुसरंच सांगते. बोलणंही अजून बोबडं. या शाळेत तिचा निभाव लागायचा नाही म्हणतात. अशा मुलांची वेगळी शाळा असते. लांब आहे. मुलं तिथेच राहतात, सुट्टीत घरी येतात. सप्टेंबर संपायच्या आत ठरवणार.

तिथेच राहतात! हिला अजून केस विंचरता येत नाहीत.



मंगळवार, ५ ऑगस्ट

तिच्या बापाला सांगायचं तर फोनवर. तो मालट्रक चालवतो, पंधरा-पंधरा दिवस, कधी जास्तच बाहेर. आमच्या फोनचा आवाज बारीक, त्यात त्याच्याकडे रस्त्याचा गोंगाट. धड काही झालं नाही. "आल्यावर बघू" एवढंच समजलं.

आणि आज मिरी शाळेतून टॅब घेऊन आली! दुसरीच्या सगळ्या मुलांना दिलेत, घरी अभ्यासाला. काळीभोर काच, भोवती निळं रबर. सोबत कागद होता, जपून वापरू म्हणून. सही केली आणि मग हातपाय गार पडले. मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवला. मिरी म्हणाली, तिथे कसा शिकणार मी? खरंच की.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

माझी शाळा पाचवीत सुटली, लिहायची खोड तेवढी राहिली. आमच्या वेळी पुस्तक उघडलं की चाळीस पोरांना एकच पान. कळलं तर कळलं, नाही तर छडी. हे यंत्र पोरीला ओळखतं! एक गणित चुकलं तर तसलंच जरा सोपं देतं. ते आलं की मग थोडं अवघड. रागावत नाही, कंटाळत नाही, शेजारच्या मुलीचं बघ म्हणत नाही. मी भांडी तशीच टाकून बघत बसले.

त्यात एक बाई आहेत. नुसता चेहरा दिसतो, काचभर. त्या धडा सांगतात. मिरी त्यांच्यापुढे मांडी घालून बसते आणि तिचे ओठ त्यांच्या ओठांबरोबर हलतात. धडा संपला की चित्रांचे प्रश्न. दहापैकी नऊ बरोबर! सर म्हणतात वर्गात नसते. मग ही कोण बसलीय माझ्या स्वयंपाकघरात?

सासूबाईसुद्धा शेजारी येऊन बसल्या. तीस वर्षं गिरणीत काढली त्यांनी, कान पार गेलेत. टीव्ही त्यांच्यासाठी मोठ्ठा लावावा लागतो. टॅबकडे बघून म्हणाल्या, "हे बरं आहे गं. शेजारीण भांडायला यायची नाही."

बुधवार, १३ ऑगस्ट

मारलं मी तिला.

त्या टॅबमध्ये दुसऱ्या तऱ्हेचेही धडे आहेत. कोपऱ्यात रंगवलेला पक्षी, तो चोच हलवतो. खाली चार शब्द. त्यातला एक उचलायचा. पण कुठला ते कळणार कसं? मलाच कळेना. मिरी कुठेही बोट लावत होती. लाल फुली. परत लाल. परत लाल. मला ती वेगळी शाळा दिसायला लागली. म्हटलं, लक्ष दे. म्हटलं, मुद्दाम करतेस का? आणि पाठीत धपाटा घातला.

रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी आता काय बोलते ते बघायला.

सोमवार, १८ ऑगस्ट

कुठून सुरू करू.

शाळेतल्या टॅबवाल्या बाईंनी बोलावलं. सगळ्या मुलांचे टॅब बघायचं काम त्यांच्याकडे आहे. माझ्याच वयाच्या असतील. मी गेल्या गेल्याच सांगून टाकलं की आम्ही पाडलेला नाही, फडक्यात ठेवतो. त्या हसल्या. टॅब ठणठणीत आहे म्हणाल्या.

मग त्यांच्या कॉम्प्युटरवर दाखवलं. मिरी रोज किती वेळ बसली, कुठल्या धड्यावर थांबली, कुठे चुकली, कुठे परत मागे गेली — सगळं! आमच्या घरात बसून आम्ही काय केलं ते या खोलीत लिहून ठेवलेलं! मला आधी भीतीच वाटली. धपाटासुद्धा दिसतो की काय? हिरव्या पट्ट्या होत्या आणि लाल पट्ट्या. हिरवं सगळं त्या चेहऱ्याच्या बाईंचं. लाल सगळं पक्ष्याचं. मधलं काहीच नाही.

बाई म्हणाल्या, "एक विचारू? घरी आवाज बंद का ठेवता?"

"कशाचा?"

"टॅबचा. पहिल्या दिवसापासून शून्यावर आहे."

मी म्हटलं, "त्याला आवाज असतो?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी शरमेने अर्धी झाले. दोन आठवडे आम्ही तिघी त्या मुक्या काचेपुढे बसलो आणि एकीलाही काही कमी आहे असं वाटलं नाही! मला वाटलं हे असंच बघायचं असतं. त्यांनी आवाज पार वर नेला तर पक्षी बोलायला लागला. शब्द सांगत होता तो बिचारा. सांगेल तो शब्द उचलायचा, एवढंच.

पण बाईंचं डोकं दुसरीकडेच चाललं होतं. म्हणाल्या, आवाज नसताना हिला तो चेहऱ्याचा धडा कळला कसा? दहापैकी नऊ आले कसे? मी म्हटलं, त्यात काय, तोंड दिसतं की.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मिरीला वर्गातून बोलावून घेतलं, मागोमाग सरही दारात येऊन उभे राहिले. बाई मिरीसमोर बसल्या आणि तोंडापुढे वही धरली. वहीमागून काय बोलल्या देव जाणे. दारातल्या सरांना कळलं असावं, ते हसले. मिरी नुसती बघत होती. वहीकडे, मग बाईंच्या डोळ्यांकडे. बाईंनी वही खाली घेतली आणि ओठ हलवले, आवाज न काढता. मिरी लगेच म्हणाली, "मांजर नाही आमच्याकडे. पाहिजे मला."

सरांचं हसू गेलं. बाईंनी परत वही धरली. मिरी गप्प. खाली घेतली. मिरी बोलली. चार वेळा केलं.



मंगळवार, १९ ऑगस्ट

पाळीवर हात चालत होते, डोकं नव्हतं.

आमच्या खात्यात सूत कातायच्या चात्या चालू असताना कानाशी ओरडलं तरी उपयोग नाही. मी तुटलेले धागे सांधते, आठ तास त्या आवाजात. आम्ही सगळ्या ओठांनी बोलतो. चार साचे पलीकडची बाई घरी काय भांडण झालं ते सांगते आणि मी इथून हसते. खांद्यावर दोन बोटं म्हणजे मुकादम येतोय. पालथा हात म्हणजे यंत्र थांबव. नवीन मुलगी आली की महिनाभरात शिकते. आणि ही सवय घरी येते. बोलायचं तर समोर येऊन, तोंड करून, हातवारे करून. सासूबाईंचंही तसंच, माझंही तसंच. मिरी आमच्यातच वाढली. म्हणून तर कळलं नाही! आमच्या घरात तिला काही कमी पडलंच नाही.

आणि त्या सरांनी पहिलीपासून फळ्याकडे तोंड करूनच शिकवलं. आणि मी धपाटा घातला.

सासूबाईंना समोर बसून सांगितलं. मग म्हणाल्या, "मी गिरणीत बहिरी झाले. ही कुठल्या गिरणीत गेली गं?"

शुक्रवार, २२ ऑगस्ट

दवाखान्यात कान तपासले मिरीचे. काचेची खोली, त्यात ती एकटी, कानांवर मोठे गोळे. आवाज आला की हात वर करायचा. किती कमी वेळा हात वर गेला! बाहेर कागदावर रेघ निघाली, डोंगर उतरावा तशी. कान तपासणाऱ्या बाईंनी बोटाने दाखवलं — इथपासून खालचं तिला ऐकू येतं, वरचं नाही. वरचं म्हणजे माणसं साधं बोलतात ते. तीन वर्षांची असताना मोठा ताप आला होता, त्यात गेलं असेल म्हणाल्या.

तो ताप मला आठवतो. पाचव्या दिवशी मी कामावर गेले होते.

पण त्या एका रेघेत पोरीची चार वर्षं दिसली मला. जे तिची आई असून मला दिसलं नाही ते आधी त्या टॅबला दिसलं, मग या कागदाला. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. देवळात गेल्यासारखं वाटलं.

सोमवार, २५ ऑगस्ट

शाळेच्या मोठ्या बाईंच्या खोलीत बसवलं. मला वाटलं होतं आता सगळं कळलंय तर ती वेगळ्या शाळेची भीती गेली. उलटंच झालं! मोठ्या बाई म्हणाल्या, आता तर तीच शाळा योग्य, तिथे अशा मुलांची सोय असते. प्रेमाने बोलत होत्या, म्हणून जास्त भीती वाटली. त्यांच्याशी भांडायचं कसं?

टॅबवाल्या बाई म्हणाल्या, एक महिना द्या. वर्गात काही करून बघते. मोठ्या बाई म्हणाल्या, प्रश्न टॅबचा नाही, शिकवणाऱ्याचा आहे. तीस मुलं सांभाळून सर हिच्याकडे कसे बघणार?

तेव्हा सर बोलले. इतका वेळ खिडकीशी उभे होते. "बावीस वर्षं मी फळ्याला शिकवलं. एक महिना मुलांना शिकवून बघतो."

महिन्याभराने वरच्या ऑफिसातले साहेब येऊन बघणार. मग निकाल.

रविवार, ३१ ऑगस्ट

तिचा बाप आला. तिच्यापुढे उकिडवा बसला आणि तोंड वेडंवाकडं करत एकेक शब्द सावकाश बोलायला लागला. मिरी म्हणाली, "नीट बोल ना. काही कळत नाही."

हसलो सगळे. मग तो मागच्या दारात जाऊन उभा राहिला, बराच वेळ.

गुरुवार, ४ सप्टेंबर

आज पाळी बदलून घेतली आणि वर्गात मागे बसले. टॅबवाल्या बाईंनी परवानगी काढली होती.

सरांच्या कॉलरला नखाएवढं काहीतरी लावलं होतं. मिरी पहिल्या बाकावर, पुढे टॅब. सर बोलायला लागले आणि त्यांचं बोलणं टॅबवर उमटायला लागलं! अक्षरं! सर "आज आपण पाण्याबद्दल बोलणार आहोत" म्हणाले आणि काचेवर ओळ आली, आज आपण पाण्याबद्दल बोलणार आहोत. कुणी लिहिली नाही. हात नाही, पेन नाही. माणसाच्या तोंडून शब्द निघतो आणि जमिनीवर पडायच्या आत कुणीतरी झेलून लिहून ठेवतो! सरांच्या मागे भिंतीवर मोठ्या पडद्यावरही तेच दिसत होतं, सगळ्या वर्गासाठी. माझी नजर हलेना. शाळेतला अख्खा तास, एकेक वाक्य, मला पहिल्यांदा पूर्ण कळला. पाचवीपर्यंत कधी असं झालं नव्हतं.

मिरी अजून भरभर वाचू शकत नाही. ती ओळ बघायची, मग सरांचं तोंड, मग परत ओळ. कुठे अडली तर हात वर करायची. सर थांबायचे. सर तिच्याकडे तोंड करूनच बोलत होते. फळ्यावर लिहायचं असेल तेव्हा गप्प बसून लिहायचे, मग वळून बोलायचे. एकदा विसरून फळ्याशी बोलायला लागले तर सगळा वर्ग ओरडला, "सर, तोंड!" स्वतःचे कान पकडले त्यांनी.

पाणी वर कसं जातं आणि ढग कसे होतात ते मिरीने उभं राहून सांगितलं. बोबडं, पण सगळं. एकही मूल हसलं नाही.

मला वाटत होतं यंत्र म्हणजे आमच्या खात्यातली — माणसाचा आवाज गिळून टाकणारी. परत देणारं यंत्रही असतं, हे आज बघितलं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

टॅबवाल्या बाईंनी नवीनच काढलंय. म्हणाल्या, टॅबमधल्या चेहऱ्याच्या बाई भरभर बोलतात आणि त्यांचे धडे संपतही आले. मिरी सगळ्यात सोपं कुणाचं तोंड वाचते? तुमचं. मग पुढचे धडे तुम्ही सांगा, आपण टॅबवर घेऊ.

मी! पाचवी नापास!

चार दिवस तो धडा पाठ केला. झाडं अन्न कसं तयार करतात. चात्यांवर उभी राहून ओठांनी म्हणत होते, तर पलीकडच्या साच्यावरची विचारते, "पानातला हिरवा रंग काय करतो म्हणालीस?" तिलाही पाठ झाला! शेवटी खातंभर सगळ्या बायकांना झाडं जेवतात कशी ते माहीत झालं.

शाळेत बाईंनी टॅब समोर उभा केला. पहिल्या वेळी शब्दच निघेना. त्या म्हणाल्या, टॅबकडे बघू नका, मिरीला त्याच्या मागे उभी करते, तिला सांगा. तिला सांगितलं. झालं!

मग काचेत मी दिसले. धडा सांगणारी. कुणीतरी शिकलेली बाई असावी तशी. मिरीने दहापैकी दहा काढले आणि म्हणाली, "आई, पानाला भोकं असतात असं म्हणालीस. खरं?" मी म्हटलं खरं. मला तरी कुठे माहीत होतं मागच्या आठवड्यात.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

साहेब आले. दोन तास वर्गात बसले. माझी पाळी होती, सुट्टी मिळाली नाही. आज पाच वेळा धागा चुकीचा सांधला मी. मुकादमाने विचारलं, बरं आहे ना. पाळी सुटल्या सुटल्या पळत गेले.

मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे बसले होते. साहेबांपुढे मिरीच्या पट्ट्या होत्या, कागदावर काढलेल्या. ऑगस्टमधल्या निम्म्या लाल. सप्टेंबरमध्ये लाल शोधायला लागत होतं. साहेबांनी वर बघितलं आणि माझ्याशी अगदी समोर तोंड करून, सावकाश बोलले. सरांनी शिकवलं असणार!

ती इथेच राहणार. याच शाळेत. घरी!

एक अट आहे. तिला कानाची यंत्रं मिळतील. ती लावली की सगळं आपोआप होत नाही, आवाज ओळखायला शिकावं लागतं. त्याचेही टॅबवर धडे आहेत. घरी एका माणसाने रोज अर्धा तास बसायचं. टॅब आवाज काढणार, तिने ओळखायचा, आणि शेजारी बसलेल्याने ऐकून सांगायचं — बरोबर की चूक. कोण बसणार? विचारायच्या आत म्हटलं, मी.

सही केली. या वेळी हात गार पडले नाहीत.

मंगळवार, २३ सप्टेंबर

यंत्रं बसवायला दवाखान्यात गेलो. सराव घेणाऱ्या माणसाचेही कान एकदा बघतात म्हणे, नियम आहे. कान तपासणाऱ्या बाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर ते गोळे घातले, दार लावून घेतलं. आवाज आला की हात वर करायचा. काचेपलीकडे मिरी माझ्याकडे बघत उभी होती. मी ताठ बसून राहिले. बसूनच राहिले.

शेवटी मीच म्हटलं, "बाई, चालू करा की."

त्या माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांचे ओठ हलले आणि ते मी काचेतून वाचले.

"केव्हाचं चालूच आहे."